त्या मिठीमागे संहिता होती

'फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर' या अमेरिकन विनोदी मालिकेतली एक छोटी क्लिप वर्षानुवर्षं फिरते आहे. चौदा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला बाप अचानक उगवतो, उन्हाळाभर पोराला आपल्या ट्रकमधून हिंडवायचं कबूल करतो आणि ऐनवेळी पुन्हा काढता पाय घेतो. पोरगा, म्हणजे विल स्मिथ, आधी काहीच झालं नाही असं दाखवतो, मग भडकतो आणि शेवटी विचारतो, त्याला मी का नको आहे? तो ज्यांच्या घरी राहतो ते मावशीचे यजमान, अंकल फिल, त्याला जवळ ओढतात. संपलं.

क्लिपखालचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो. हा प्रसंग संहितेत नव्हता. विल स्मिथला त्याच्या खऱ्या वडिलांनी लहानपणीच टाकलं होतं, ते आठवून तो भान विसरला आणि मनातलं बोलून गेला. अंकल फिलचं काम करणाऱ्या जेम्स एव्हरीने मिठी मारली तीही उत्स्फूर्त. हा अभिनय नव्हेच! खाली रडक्या चेहऱ्यांची रांग, आणि कुणीतरी हमखास लिहितं की सिटकॉमवाल्यांना, म्हणजे विनोदी मालिकावाल्यांना, असं लिहायला कुठे जमतंय, म्हणूनच ते खरं वाटतं.

प्रसंग उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. बाकी मजकुरातला जवळजवळ प्रत्येक दावा खोटा आहे.

वडिलांपासून सुरुवात करू, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे. विल स्मिथचा जन्म १९६८चा, फिलाडेल्फियाचा. त्याचे वडील आधी हवाई दलात होते, नंतर त्यांनी रेफ्रिजरेशनचा आणि बर्फाचा धंदा केला. आईवडील पुढे वेगळे झाले, पण बाप पोराच्या आयुष्यातून कुठे गेला नाही. विल स्मिथ गेली कित्येक वर्षं एक गोष्ट सांगत आला आहे: वडिलांनी दुकानापुढची जुनी भिंत पाडली आणि विलला नि त्याच्या धाकट्या भावाला ती पुन्हा उभी करायला लावली. शाळेतून आलं की सिमेंट कालवायचं, विटा रचायच्या. हे दीडेक वर्ष चाललं. भिंत पूर्ण झाल्यावर वडिलांचं म्हणणं एवढंच, की यापुढे अमुक गोष्ट जमणार नाही असं मला सांगायचं नाही. आता हा माणूस पळपुटा बाप कसा ठरतो ते पोस्ट लिहिणाऱ्यांनीच सांगावं.

तो आदर्श बाप होता, असं मात्र मुळीच नाही. २०२१ साली आलेल्या आत्मचरित्रात विल स्मिथने वडिलांचं दारू पिणं, त्यांचा संताप, आणि आपण नऊ वर्षांचे असताना त्यांनी आईला आपल्यासमोर मारल्याचं सविस्तर लिहिलं आहे. आपण काही केलं नाही, हे त्याला पुढे आयुष्यभर टोचत राहिलं. वडील २०१६मध्ये गेले, त्या आजारपणात मुलगा त्यांची सेवाही करत होता. म्हणजे दुःख खरं होतं, पण ते घरात राहिलेल्या बापाचं होतं. सोडून गेलेल्या बापाची गोष्ट सांगायला सोपी, दोन ओळींत बसणारी. राहिलेल्या, मारणाऱ्या, कष्ट करणाऱ्या आणि मुलाला घडवणाऱ्या बापाची गोष्ट रीलमध्ये मावत नाही.

मग हा घोळ झाला कसा? एक कारण सरळ आहे: मालिकेतल्या पात्राचं नावच विल स्मिथ. तोही फिलाडेल्फियाचा. हे नाव ठेवायचा सल्ला अंकल फिलच्या मुलाचं, म्हणजे कार्लटनचं, काम करणाऱ्या आल्फॉन्सो रिबेरोने दिला होता, लोक तुला जन्मभर या पात्राच्याच नावाने हाक मारणार आहेत, तेव्हा तुझंच नाव दे, असा. सल्ला सोन्यासारखा निघाला, पण नट आणि पात्र यांच्यातली रेघ तिथेच पुसली गेली. दुसरं असं, की गरीब वस्तीतला मुलगा बेव्हर्ली हिल्सच्या श्रीमंत घरात वाढतो ही मूळ कल्पना संगीत व्यवसायातल्या बेनी मेडिना या निर्मात्याच्या आयुष्यावरून आली. आईबापांवाचून वाढण्याचा धागा शोधायचाच असेल तर तो त्या दिशेला सापडेल, स्मिथच्या घरी नाही.

आता 'संहितेत नव्हता' हा दावा. यासाठी कुणाची मुलाखत शोधायची गरज नाही, क्लिप आवाज वाढवून पुन्हा पाहिली तरी पुरे.

९ मे १९९४ला दाखवलेला हा भाग आहे, चौथ्या सत्राच्या अखेरीकडचा. बापाचं, म्हणजे लूचं, काम बेन व्हेरीनने केलं आहे. ब्रॉडवेवर टोनी पुरस्कार मिळवलेला, 'रूट्स'मध्ये गाजलेला नट. इतक्या तयारीच्या माणसाला पाहुणा म्हणून बोलावलं ते उगीच नव्हे. निरोप घेताना तो पोराला 'सन' म्हणतो, पोरगा त्याला नुसतं 'लू' म्हणतो. 'डॅड' हा शब्द तिथेच गळून पडतो. बाप बाहेर गेल्यावर अंकल फिल म्हणतात, रागावलास तरी चालेल. विल म्हणतो, रागावू कशाला, या वेळी निदान सांगून तरी गेला. मग हातातल्या वस्तूकडे बघून म्हणतो, या भिकार भेटीवर पैसे घालवले नसते तर बरं झालं असतं.

ती भेटवस्तू म्हणजे बाप आणि मुलाची छोटी मूर्ती. ती लक्षात ठेवा.

पुढे विल याद्या देत सुटतो. बास्केट टाकायला त्याच्याशिवाय शिकलो, पहिली डेट त्याच्याशिवाय, गाडी चालवणं, दाढी करणं, मारामारी, सगळं त्याच्याशिवाय. चौदा वाढदिवस त्याच्याशिवाय, साधं कार्डही आलं नाही. इथवर सगळा भूतकाळ. मग एकदम भविष्यकाळ: त्याच्याशिवाय कॉलेज करीन, नोकरी मिळवीन, लग्न करीन, पोरं होतील, आणि त्याच्यापेक्षा चांगला बाप होईन, कारण पोरांवर प्रेम कसं करायचं हे त्याने मला काय शिकवायचं! आणि 'पोरांवर प्रेम' हे शब्द तोंडून निघाले, की तोच मुद्दा त्याच्यावर उलटतो. थांबतो. मग तो प्रश्न.

भान हरपलेला माणूस आधी सगळा भूतकाळ, मग सगळं भविष्य, अशा क्रमाने बोलत नाही. 'त्याच्याशिवाय' या शब्दाचं पालुपद लावून, प्रत्येक वेळी पट्टी थोडी वर नेत, नेमक्या त्या एका शब्दावर कोसळायचं, हे लेखनाचं काम आहे. रंगभूमीवर काम केलेल्या कुणालाही विचारा. अ‍ॅडिशन घेणारा, म्हणजे संहितेबाहेरचं पदरचं बोलणारा, नट एखादी कोटी मारतो, एखादं वाक्य लांबवतो, समोरच्याला खिंडीत गाठतो. अख्खं स्वगत तो जागच्या जागी रचत नाही, आणि समोरचा नट त्यात 'हो, शिकलास' असे नेमक्या जागी होकार भरत नाही.

शिवाय कॅमेरे! प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या अशा मालिकेत तीन-चार कॅमेरे एकदम चालतात. आठवडाभर आधी टेबलवाचन, मग तालमी, रोज बदलणारी वाक्यं, मग कॅमेऱ्यांसह तालीम, आणि शेवटी प्रेक्षक. कोण कुठे उभा राहणार हे जमिनीवर खुणा करून ठरलेलं असतं. या प्रसंगाच्या शेवटी मिठी होते आणि कॅमेरा शांतपणे सरकत त्या मूर्तीवर येऊन थांबतो. मूर्ती आणली कुणी, तिचा उल्लेख संवादात घातला कुणी, कॅमेरामनला सांगितलं कुणी? उत्स्फूर्त उमाळ्याला इतकी पूर्वतयारी लागत नाही.

आणि एवढं करून पहिल्या प्रयत्नात ते जमलंही नव्हतं. विल स्मिथने नंतर स्वतः सांगितलेलं आहे, की प्रेक्षकांसमोर तो वाक्य चुकला, स्वतःवरच चिडला, आणि जेम्स एव्हरीने त्याला भानावर आणलं. माझ्याकडे बघ, माझा उपयोग करून घे, माझ्या आजूबाजूला अभिनय करू नकोस, माझ्याशी कर, अशा अर्थाचं. थोडक्यात, ज्याला लोक भान विसरणं म्हणतात ते भानावर आल्यानंतरचं काम आहे.

मिठीचा मुद्दा याच आठवणीत निकालात निघतो. विल स्मिथच्या सांगण्यानुसार तो एव्हरीच्या मिठीत होता, कॅमेरा त्यांच्यावरून सरकला होता, आणि तेव्हा एव्हरी त्याच्या कानात पुटपुटला, की याला म्हणतात अभिनय. मध्ये एक शिवीही होती. आता पोस्टवाले सांगतात की एव्हरी अभिनय विसरून बापासारखा कळवळला. आणि तो गृहस्थ तर मिठीतल्या मिठीत सहकाऱ्याचे गुण मांडत होता! मला हा किस्सा त्या दंतकथेपेक्षा कितीतरी जास्त आवडतो. विल स्मिथला त्याच्याकडून शाबासकी हवी होती, हे तो मोकळेपणाने सांगतो. एव्हरी नाटकातून आलेला, आवाज कमावलेला, शिस्तीचा माणूस. २०१३च्या ३१ डिसेंबरला तो गेला.

'हा अभिनय नव्हेच' हे वाक्य कौतुक म्हणून लिहिलं जातं, पण ते नटाच्या पदरातलं काढून घेणारं आहे. १९९०मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा विल स्मिथ रॅपर होता, नट नव्हता. वाक्यं विसरू या भीतीने त्याने सगळ्यांचेच संवाद पाठ केले होते, आणि सुरुवातीच्या भागांत समोरचा बोलत असताना याचे ओठ हलताना चक्क दिसतात. पहिल्या सत्राचे भाग बघा, गंमत वाटेल. दुसऱ्यांचे संवाद पुटपुटणारा तो पोरगा चार वर्षांत समोरच्याचं नीट ऐकायला शिकला. १९९४च्या त्या प्रसंगात तो अंकल फिलचं प्रत्येक वाक्य ऐकतोय, हे डोळ्यांत दिसतं. या प्रवासाचं श्रेय कुठल्यातरी काल्पनिक जखमेला देऊन टाकायचं?

उरला सिटकॉमवाल्यांना असं लिहिता येत नाही हा शेरा. हा बहुधा ज्यांनी सिटकॉम फक्त क्लिपांतून पाहिले त्यांचा असतो. याच मालिकेत पहिल्याच सत्रात विल आणि कार्लटनला महागड्या गाडीत पाहून पोलीस पकडतात, तो भाग आहे. पाचव्या सत्रात विलला एटीएमपाशी गोळी लागते आणि सरळमार्गी कार्लटन पिस्तूल घेऊन इस्पितळात येतो. १९७२मध्ये 'मॉड' या मालिकेत सत्तेचाळीस वर्षांची नायिका गर्भपाताचा निर्णय घेते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा त्याबाबतचा निकाल तेव्हा यायचा होता. काही स्थानिक वाहिन्यांनी तो भाग दाखवायला नकार दिला, आणि पुनःप्रक्षेपणाच्या वेळी नकार देणाऱ्यांची संख्या आणखी वाढली. हे विनोदी लेखकांनीच लिहिलेलं होतं. रडवण्यासाठी ओढूनताणून केलेले 'विशेष' भागही ढिगाने झाले, विशेषतः ऐंशीच्या दशकात, अमली पदार्थांपासून दूर राहा असं सांगणारे. त्यांची वकिली मी करणार नाही.

आणि नटाला खरोखर अंधारात ठेवल्याची उदाहरणं हवीच असतील तर तीही आहेत, नीट नोंदलेली.

'मॅश' ही कोरिया युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची मालिका. तिचा १८ मार्च १९७५चा भाग. कर्नल हेन्री ब्लेकची लष्करी सेवेतून सुटका झाली आहे, सगळे चेष्टामस्करी करत त्याला निरोप देतात. शेवटच्या प्रसंगात 'रडार' या टोपणनावाचा कारकून शस्त्रक्रियेच्या खोलीत येऊन वाचून दाखवतो, की ब्लेकचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. हे पान संहितेतून मुद्दाम काढून ठेवलं होतं. प्रमुख नट ॲलन आल्डा सोडला तर बहुतेक नटांना ते चित्रीकरणाच्या जरा आधी दाखवलं. दिग्दर्शक लॅरी गेल्बार्टने तो प्रसंग दुसऱ्यांदा घेतला तेव्हा कुणाच्या तरी हातून एक अवजार खाली पडलं. त्याचा खणखणाट भागात तसाच ठेवला आहे. शस्त्रक्रियेच्या प्रसंगांना ध्वनिमुद्रित हशा लावायचा नाही, हे आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे तो आवाज नीट ऐकू येतो. चिडलेल्या प्रेक्षकांची पत्रं आली. विनोदी मालिकेत माणूस मारता का म्हणून! पण पान कुणीतरी लिहिलं होतं, मुद्दाम लपवलं होतं आणि मुद्दाम त्या क्षणी बाहेर काढलं होतं.

दुसरं, 'हाऊ आय मेट युअर मदर', ३ जानेवारी २०११. त्या भागात पन्नासपासून उलटे आकडे मागे-पुढे कुठेतरी दिसत राहतात, फलकांवर, पुस्तकांवर, बाटल्यांवर, आणि आकडे संपता संपता लिली टॅक्सीतून उतरून नवऱ्याला, मार्शलला, सांगते, की त्याचे वडील गेले. मार्शलचं काम करणाऱ्या जेसन सीगलने ती ओळ आधी वाचलीच नव्हती. आपल्याला सांगू नका, असं त्यानेच निर्मात्यांना म्हटलं होतं.  लिलीचं काम करणाऱ्या ॲलिसन हॅनिगनने ती कॅमेऱ्यासमोर उच्चारली तेव्हा त्याने ती पहिल्यांदा ऐकली. त्यानंतर तो तिला मिठी मारतो आणि म्हणतो, माझी याची तयारी नाही. ही ओळ कुणी लिहिलेली नव्हती, ती सीगलची अ‍ॅडिशन. इंग्रजीत पाच शब्द. बाकी पन्नास आकडे लेखकांनी मांडले होते.