वाडा पाडला म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही

पेठांमधल्या वाड्यांत सध्या एक मजकूर फिरतोय: "धोकादायक इमारतीची नोटीस आली की भाडेकरूचा हक्क संपला. बिल्डर देईल ते घ्या नि निघा, नवा फ्लॅट मिळाला तर नशीब." तो वाचून माणसं घाबरून किल्ल्या देतात, म्हणून हे मुद्दे.

हक्क संपतो? नाही. महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलंय.

नोटीस आली म्हणजे वाडा पडणारच? आधी नोटिशीत धोकादायक इमारतीचा कुठला वर्ग लिहिलाय ते बघा. सी-1 म्हणजे रिकामा करून पाडायचा, सी-2ए रिकामा करून दुरुस्ती, सी-2बी राहत असतानाच दुरुस्ती, सी-3 किरकोळ काम. स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीच्या अहवालाची, प्रत मागून घ्या. सी-1 असेल तर मात्र आत थांबायचा हट्ट करू नका.

"देईल ते घ्या" यातच खरा घात आहे. वाडा उभा आहे तोवरच खोल्या मोजता येतात. खोली, स्वयंपाकघर, माळा, गॅलरी भिंतीच्या आतून मोजा, नकाशावर मालकाची सही घ्या, भाडेपावत्या जपा. बिल्डरशी होणाऱ्या करारात कार्पेट क्षेत्रफळ (भिंतींच्या आतली वापराची जागा) चौरस मीटरमध्येच हवं. नुसतं "400 फूट" लिहिलं की त्यात भिंती, जिना, पॅसेजही धरले जातात आणि प्रत्यक्ष घर बरंच लहान निघतं. मजला, फ्लॅट क्रमांक, घर मालकीचं की भाड्याचं, मधल्या काळाचं भाडं, ताब्याची तारीख, बँक गॅरंटी हे सगळं लिहून करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

कोर्टात भाडेकरू हरतोच? पाडून नवं बांधण्यासाठी ताबा मागणाऱ्या मालकाला 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे पैसा आणि आराखडे तयार असल्याचं दाखवावं लागतं. शिवाय हमी द्यावी लागते: ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात पाडकाम सुरू, 3 महिन्यांत पूर्ण, 15 महिन्यांत नवी इमारत. भाडेकरूनेही ताबा दिल्यापासून 6 महिन्यांत परत यायचंय असं मालकाला लेखी कळवायचं असतं. पोस्टाची पोच जपून ठेवा.

आणि फ्लॅट मिळाला की सगळं मिटलं, हेही खोटं. वाड्याचं नाममात्र भाडं भरणाऱ्या घराला लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षकाचा दरमहा खर्च झेपत नाही. मग फ्लॅट विकून शहराबाहेर जावं लागतं आणि पेठेत दुसरेच लोक राहायला येतात. यासाठी देखभालीचा कॉर्पस निधी (ज्याच्या व्याजातून दरमहाचा खर्च भागतो अशी ठेव) बिल्डरकडून मागा, आणि तोही त्याच नोंदणीकृत करारात रकमेसह लिहून घ्या.