रांग नसताना तरी बसू द्या!

काउंटरमागे एक स्टूल का ठेवत नाहीत, याचं धड उत्तर मला कुणीतरी द्या. "कस्टमरला आळशी दिसतं" हे उत्तर नाही.

पुण्यातल्या एका मॉलच्या फूड कोर्टात बर्गरच्या काउंटरवर काम करते मी. सकाळी पंच केलं की गल्ला जुळेपर्यंत उभी. शनिवार-रविवारी मरणाची गर्दी असते, तेव्हा उभं राहण्याबद्दल एक शब्द काढत नाही. पण मंगळवारी दुपारी चारला अख्ख्या फूड कोर्टात चार टाळकी नसतात. ट्रे पुसून झाले, सॉसच्या बाटल्या भरून झाल्या, काही म्हणता काही काम नाही. तरी उभीच! काउंटरला नुसती पाठ टेकली तरी सर कॅमेऱ्यात बघून ग्रुपवर मेसेज टाकतात. मागे एक पोरगा पावाच्या क्रेटवर जरा टेकला, तर त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. अर्ध्या दिवसाचा!

संध्याकाळी पोटऱ्या दगड झालेल्या असतात. पाळीच्या दिवसांत कंबर तुटते, तेव्हाही तेच. माझ्यासोबतची पोरगी आत्ताशी विशीत आली आहे आणि तिच्या पायांवर निळ्या शिरा उठल्यात. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. कुठून कमी करणार ती?

त्यात समोर येणारे काही लोक! कानाला फोन, तोंडाने ऑर्डर नाही, नुसतं बोट दाखवायचं, आणि चुकीचा बर्गर आला की माझ्यावर ओरडायचं. पेमेंट पेंडिंग दिसतंय तरी "गेले पैसे" म्हणत मोबाइल माझ्या नाकासमोर नाचवायचा. ते पैसे आले नाहीत तर माझ्या पगारातून जातात, कळतंय का? बिलावरचा ५ टक्के जीएसटी जणू मीच घरी नेते, असं भांडतात. आणि हे सगळं मी ठणकणाऱ्या पायांवर हसत ऐकायचं.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात सलग काही तास काम झालं की अर्धा तास विश्रांती लिहिली आहे. सुट्टीच्या गर्दीत आम्हाला ती मिळत नाही. उभ्या उभ्या दोन घास कोंबायचे आणि परत काउंटर. केरळात कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायका आधी संडाससाठी लढल्या, मग बसण्यासाठी. २०१८ मध्ये तिथे कायदा बदलला, दुकानदाराला बसायची सोय करावीच लागते. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. तिथली दुकानं बुडाली का? गिऱ्हाइकं पळाली का?

बँकेतला कॅशियर बसून नोटा मोजतो. रेल्वेच्या खिडकीतला माणूस बसून तिकीट देतो. त्यांना कुणी आळशी म्हणत नाही. मग बिलिंगच्या स्क्रीनवर बोटं चालवायला मलाच उभं कशाला राहायला लागतं? आमच्या दुकानाच्या नुसत्या पाटीवरच्या दिव्यांच्या खर्चात सगळ्या काउंटरला स्टुलं येतील. पैशांचा प्रश्नच नाही. आम्ही बसलेलं यांना बघवत नाही, एवढंच आहे.

पुढच्या मीटिंगला एरिया मॅनेजर येणार आहेत. मी सगळ्यांसमोर स्टूल मागणार आहे. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी कारण लेखी द्यावं.