‘शेवटचं झाड पडलं की ख्रिस्त येईल’ हे वाक्य त्या मंत्र्याचं नाहीच

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल (बायबलचा शब्दन् शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) ख्रिस्ती लोकांना जगाचा शेवट आणि ख्रिस्ताचं परत येणं जवळ आलंय असं वाटतं, म्हणून त्यांना जंगलांची पर्वा नाही. तो शेवट लवकर यावा म्हणून ते इस्रायलची पाठराखण करतात आणि मतंही त्याच हिशेबाने देतात. पुरावा म्हणून राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे मंत्री जेम्स वॅट यांचं वाक्य: ‘शेवटचं झाड पडलं की ख्रिस्त परत येईल.’

हे वाक्य खोटं आहे. वॅट यांच्याकडे सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं यांचं खातं होतं. फेब्रुवारी १९८१ मध्ये संसदेच्या समितीपुढे ते म्हणाले त्याचा आशय असा: प्रभू परत येण्याआधी अजून किती पिढ्या होतील मला ठाऊक नाही, पण जितक्या होतील त्यांना पुरेल अशा बेताने ही साधनसंपत्ती सांभाळली पाहिजे. यातला उत्तरार्ध कापला की माणूस नेमका उलटा दिसतो. झाडाचं वाक्य पुढे कुणीतरी त्यांच्या तोंडी घातलं. २००४ मध्ये बिल मॉयर्स यांच्यासारख्या मुरलेल्या पत्रकाराने ते भाषणात वापरलं आणि २००५ मध्ये वॅट यांची माफी मागितली. वॅट यांनी खाणी आणि तेलासाठी जमिनी मोकळ्या करण्याचा जो सपाटा लावला, तो मला मुळीच पटत नाही. त्यासाठी त्यांना जरूर धारेवर धरा, पण न बोललेल्या वाक्यासाठी नको.

आता मतांचं. प्यू या संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत ‘आपण शेवटच्या काळात जगतोय’ असं ३९ टक्के अमेरिकन प्रौढांनी सांगितलं. इव्हँजेलिकलांमध्ये हे प्रमाण ६३ टक्के, आणि कृष्णवर्णीयांच्या परंपरागत प्रोटेस्टंट चर्चमध्ये ७६ टक्के. गोरे इव्हँजेलिकल बहुसंख्येने रिपब्लिकनांना मत देतात, तर कृष्णवर्णीय चर्चमधले बहुसंख्य डेमोक्रॅट्सना. नुसत्या श्रद्धेने मत ठरत असतं, तर हे कसं झालं असतं?

इव्हँजेलिकल धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांचंच बघा. १९६५ मध्ये, नागरी हक्कांचे मोर्चे ऐन भरात असताना, ते प्रवचनात सांगत होते की पाळकाने राजकारणात पडू नये, आत्मे वाचवावेत. १९७९ मध्ये त्यांनीच ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली. ख्रिस्ताचं येणं जवळ आहे ही श्रद्धा दोन्ही वेळा होतीच. मध्ये आला होता गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा निकाल, आणि खासगी ख्रिस्ती शाळांच्या करसवलतीवरून सरकारशी पेटलेला वाद.

राहिलं इस्रायल. इथे त्या मजकुरात तथ्य आहे. १९४८ मध्ये इस्रायल झाला तो बायबलमधल्या भविष्यवाणीनुसार, असं मानणारे इव्हँजेलिकल पुष्कळ आहेत. २०१८ मध्ये जेरुसलेमच्या अमेरिकी दूतावासाच्या उद्‌घाटनाला प्रार्थना करायला पाळक जॉन हेगी होते, ते याच विचाराचे. पण ‘शेवट लवकर आणायचा’ हे त्यांच्या शिकवणीतच बसत नाही: तो दिवस पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात आहे. त्यांच्या तोंडी जास्त येतं ते बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातलं, देवाने ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याला दिलेलं वचन, की तुला आशीर्वाद देतील त्यांना मी आशीर्वाद देईन.

जंगलांची पर्वा नसण्याबद्दलही एक गोष्ट मान्य करायला हवी. ख्रिस्ताच्या पुनरागमनावर विश्वास असलेल्यांचा हवामानबदलावरच्या सरकारी उपायांना पाठिंबा कमी असतो, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं, आणि पक्षाचा प्रभाव वेगळा काढल्यावरही तो फरक उरला. त्या अभ्यासकांनी लावलेलं कारण मात्र विध्वंसाच्या ओढीचं नाही: पुढचा काळ थोडाच आहे असं वाटलं की शंभर वर्षांनंतरच्या फायद्यासाठी आज खर्च करणं माणसाला जड जातं.