एसीचा गॅस "संपत" नसतो हो!

आज पुन्हा तेच ऐकलं. "एसी गार करत नव्हता, गॅस संपला होता, भरून घेतला." ओळखीच्यांकडची गोष्ट. मेकॅनिक गॅस टाकून गेला आणि पुढचं झाकण उघडलंच नाही. उघडलं तर फिल्टरवर धुळीचं कांबळं! जाळी दिसायलाच तयार नाही.

अहो, गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, बहुतेकदा फ्लेअर नटच्या (नळ्या जोडणाऱ्या पितळी नटच्या) जोडातून, नाहीतर कॉइलच्या, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्याच्या, बारीक छिद्रातून. आधी साबणाचा फेस लावून जागा शोधायची, बंद करायची, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा नि ओल काढायची. मग आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, माहितीपट्टीवर जितके ग्रॅम लिहिलेत तितका गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. "प्रेशर बघून टाकला" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आता तो फिल्टर. जाळी तुंबली की आतल्या गार कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल शून्याखाली उतरते, तिच्यावर बर्फ धरतो आणि उरलीसुरली हवाही अडते. खोली तापलेली, कॉम्प्रेसर मात्र चालूच. मग रिमोटवर 24 चे 20, 20 चे 16. मीटर पळणार नाही तर काय! गॅस कमी असला तरी बर्फ धरतो, मान्य. पण म्हणूनच आधी फुकटचं काम करून बघायचं ना? बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून तास-दोन तास नुसता फॅन मोड लावा. सुरी-स्क्रूड्रायव्हरने खरवडलंत तर कॉइलला भोक पडेल, आणि मग गॅस खरंच जाईल.

आणि हे 16 चं खूळ! साध्या एसीत 16 लावा नाहीतर 25, कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो. फरक फक्त थांबतो कधी याचा. इन्व्हर्टर एसी (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा) 16 वर सुरुवातीला जास्त जोर लावतो, कबूल. पण मग हळू चालायची पाळीच येत नाही, आणि वाचवायची वीज तिथेच होती. एक डिग्री वर गेलात की साधारण 6 टक्के वीज वाचते. 25-26 ठेवा आणि छताचा पंखा हळू सोडा. साधा पंखा 70-75 वॉट, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा 30 च्या आसपास. दीड टनी एसी पूर्ण जोरात सुमारे दीड हजार वॉट. हिशोब तुम्हीच करा.

आउटडोअरला देखण्या पिंजऱ्यात कोंडणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्याने बाहेर टाकलेली गरम हवा तोच परत मागून ओढतो. पुढे दोन-तीन फूट मोकळं हवं, कपड्यांची दोरीसुद्धा नको.

असो. चिडून काय उपयोग, फिल्टर काढायचा कसा हेच कुणी दाखवलेलं नसतं. मेन स्विच बंद करा. पुढचं पॅनल दोन्ही कडांना धरून वर उचला. जाळी किंचित वर ढकलून खाली ओढली की निघते. साध्या पाण्याने धुवा, नळाची धार उलट्या बाजूने, म्हणजे धूळ जाळीत रुतत नाही. गरम पाणी नको, कडक ऊनही नको, प्लॅस्टिक वाकडं होतं. सावलीत पूर्ण वाळवून बसवा. रोज एसी लागत असेल तर दर पंधरा दिवसांनी.

त्या ओळखीच्यांची जाळी धुतल्यावर आरपार दिसायला लागलं, हवाही भसाभस येतेय. पण आता गॅस जास्त झाला असेल तर? जास्त गॅसनेही कॉम्प्रेसरवर भार येतो. त्यांचा एसी साधाच आहे, म्हणून क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजतात तो) अँपिअर मोजून पट्टीवरच्या आकड्याशी ताडून घ्या म्हटलंय. या वेळी मेकॅनिक दुसरा.