खुर्ची कपाटावरच होती

आज लेक ड्रॉइंगच्या क्लासवरून रडत आली. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेसाठी स्मरणचित्राचा सराव चाललाय. तिनं कपाटावर चढलेली खुर्ची काढली आणि सरांनी सगळ्या पोरांसमोर खोडायला लावली. म्हणे, खुर्ची जमिनीवर असते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये नव्हती, सर! सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात पुरात कृष्णामाई माळ्यापर्यंत चढली होती. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर बाबांची खुर्ची कपाटावर. कुणी उचलून ठेवावी तशी, चारी पायांवर सरळ. लेक दुसरीत होती, माझा हात धरून उभी. तिला आठवलं ते तिनं काढलं. स्मरणचित्र आणखी काय असतं?

त्याच गाळात मला बाबांचा कंगवा सापडला. बाबा आदल्या वर्षीच गेले होते. गाद्या गेल्या, फोटो गेले, धान्य कुजलं, आणि मला घरभर दिसत होता तो फक्त कंगवा. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार?

पुढं लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर एक चित्र समोर आलं. साधी झोपायची खोली, भिंतींच्या जागी ढगांचं निळं आकाश. पलंगावर माणसापेक्षा उंच कंगवा उभा. कपाटावर दाढीचा भलामोठा ब्रश. चित्रकार रेने माग्रीतचं, १९५२चं 'पर्सनल व्हॅल्यूज'. मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. बेल्जियमच्या त्या माणसानं माझी खोली काढली होती!

तेव्हापासून रात्र रात्र त्याचीच चित्रं बघते. माग्रीत ज्या पंथाचा, तो अतिवास्तववाद म्हणजे काहीतरी विचित्र काढायचं, असं लोक बोलतात तेव्हा डोकं फिरतं. माग्रीतच्या चित्रात कंगवा अगदी कंगव्यासारखाच आहे. फक्त त्याचं माप मनातलं आहे. १९१२ साली त्याच्या आईनं नदीत जीव दिला, तो तेव्हा तेरा वर्षांचा होता. चित्रांचा असा अर्थ लावलेला त्याला खपायचा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी नदीनं घर नेलेल्या बाईला ते वाचून जे वाटायचं ते वाटतंच.

बरं, परीक्षेला ठरीव विषय असतात, मार्क असतात, सरांचाही नाइलाज असेल. पण कागद फाटेस्तोवर खोडायला लावायचं?

मघाशी लेकीनं विचारलं, "आई, खुर्ची खरंच वर होती ना?" होती गं राणी, मी बघितलीय.

कंगवा अजून माझ्या पर्समध्ये असतो. दोन दात तुटलेत, मुळाशी गाळ आहे, तो मी मुद्दाम धुतला नाही. उद्या क्लासला तिला सोडायला मीच जाणार आहे.