अल्बिनी कार्यशाळेच्या दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला स्टुडिओचं उत्तर

नमस्कार,

आमच्या स्टुडिओत रविवारी झालेल्या ‘पंक वादक ते रेकॉर्डिंग इंजिनिअर : स्टीव्ह अल्बिनीची कारकीर्द’ या कार्यशाळेला तुम्ही दोन तारे दिलेत. तुमची तक्रार थोडक्यात अशी : करिअरच्या नावाखाली एका अमेरिकन माणसाची गोष्ट ऐकवली, तो स्वतः धड वादक नव्हता, हक्काच्या रॉयल्टीवर (विक्रीतल्या टक्केवारीच्या वाट्यावर) पाणी सोडणाऱ्याकडून धंदा काय शिकायचा, ऑटोट्यून (सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) आणि प्लगिन (रेकॉर्ड केलेल्या आवाजावर काम करणारी छोटी सॉफ्टवेअरं) शिकवलेच नाहीत, आणि वर त्याला आम्ही देव्हाऱ्यात बसवलं. फीही परत मागितलीत. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. हे वाचून पुढच्या बॅचची मुलं नाव नोंदवायचं की नाही ते ठरवतील. त्यांनाही आमची बाजू कळायला हवी.

आधी ‘धड वादक नव्हता’ याबद्दल, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. अल्बिनी मोंटानातल्या मिझुला गावात वाढला आणि पत्रकारिता शिकायला शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आला. १९८१ मध्ये त्याने ‘बिग ब्लॅक’ सुरू केलं तेव्हा त्या बँडमध्ये तो एकटाच होता. १९८२ ची ‘लंग्ज’ ही पहिली ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) ऐका : गिटार त्याची, बेस त्याचा, आवाज त्याचा. ड्रमर नव्हता, म्हणून रोलंड कंपनीचं टीआर-६०६ हे ड्रम मशीन वापरलं, आणि पुढच्या रेकॉर्डवर त्या मशीनचं नाव वादकांच्या यादीत ‘रोलंड’ असं रीतसर छापलं. १९९२ पासून ‘शेलॅक’ हा त्याचा तिघांचा बँड होता. अॅल्युमिनियमच्या दांड्याची गिटार, तीही पट्टा कमरेला बांधून तो वाजवायचा. पोट रेकॉर्डिंगवर चालायचं आणि बँड मनासारखा चालायचा. ७ मे २०२४ ला तो ६१ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला, आणि १७ मे ला शेलॅकचा ‘टू ऑल ट्रेन्स’ हा अल्बम बाजारात आला. शेवटपर्यंत हातात वाद्य असलेल्या माणसाला धड वादक म्हणायचं नाही, तर कुणाला म्हणायचं?

ड्रमर न मिळालेला हा मुलगा पुढे ड्रमच्या आवाजासाठी जगभर ओळखला गेला, आणि आमची अर्धी कार्यशाळा त्याच गोष्टीवर होती. जेवणानंतर आपण स्नेअरला, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमला, वरून एक आणि खालून एक असे दोन माईक लावले. एकेकटे ऐकले तर दोन्ही भरघोस. दोन्ही फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा) एकदम वर केले आणि ड्रम पातळ झाला, पोटच गेलं त्याचं. मग खालच्या माईकचं पोलॅरिटीचं (आवाजाची लहर उलटी करणारं) बटण दाबलं आणि तोच ड्रम पुन्हा छातीत बसला. काठी आपटली की वरचं कातडं एका माईकपासून लांब जातं, त्याच क्षणी खालचं दुसऱ्या माईककडे येतं. म्हणून दोन्ही आवाज एकमेकांना खातात. यात ना महागडं यंत्र लागलं, ना प्लगिन. लांब ठेवलेल्या माईकचंही तसंच, कारण तिथे आवाज उशिरा पोचतो. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, त्यामुळे माईक कुठे ठेवायचा हा निर्णय म्हणजेच अर्धं मिक्सिंग. खोलीचा आवाज पकडण्याची अल्बिनीची हातोटी याच हिशोबावर उभी होती. पिक्सीज या बँडचा ‘सर्फर रोजा’ हा अल्बम त्याने बोस्टनच्या क्यू डिव्हिजन स्टुडिओत दहा दिवसांत केला. खरा घुमारा हवा म्हणून काही गायन चक्क तिथल्या बाथरूममध्ये रेकॉर्ड केलं.

तुम्ही लिहिलंय की आम्ही ऐकवलेल्या नमुन्यांचा आवाज ‘खरखरीत’ होता. गायिका पीजे हार्वीच्या तिघांच्या बँडचा ‘रिड ऑफ मी’ हा अल्बम खरखरीत आहे, कारण त्या तिघांना तसाच हवा होता. त्यानंतर लगेच आपण गायिका जोआना न्यूसमच्या ‘ईस’ या अल्बममधली हार्प (उभं तंतुवाद्य) ऐकली, तीही त्यानेच रेकॉर्ड केलेली. त्यात खरखर कुठे आहे? इंजिनिअरने स्वतःची चव बँडवर लादायची नाही, हे त्याचं आयुष्यभराचं म्हणणं होतं. म्हणूनच तो स्वतःला प्रोड्यूसर (रेकॉर्ड कशी व्हावी हे ठरवणारा) म्हणवून घ्यायचा नाही.

आता पैशाचं. ‘सर्फर रोजा’साठी त्याने १,५०० डॉलर घेतले आणि रॉयल्टी घेतली नाही. तेव्हा तो लहान होता, असं कुणी म्हणेल. पण १९९२ च्या शेवटी ‘निर्वाणा’ या गाजलेल्या बँडला लिहिलेल्या पत्रातही तेच आहे. तीस लाख प्रती खपल्या तर एक-दीड टक्क्याने आपले चारेक लाख डॉलर होतील, हा हिशोब त्याने स्वतः मांडला आणि तो पैसा नाकारला. गाणी बँडची, ती विकत घेणारे चाहते बँडचे, तेव्हा प्लंबरला देतात तशी कामाची मजुरी मला द्या, असं त्याचं म्हणणं. त्यांच्या ‘इन यूटरो’ या अल्बमसाठी त्याने एकरकमी एक लाख डॉलर घेतले. ही रक्कम दानधर्माची नाही. त्याने फक्त न केलेल्या कामाचे पैसे नाकारले. आपल्याकडे गाण्याच्या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येक मुलाने हा फरक नीट समजून घ्यावा, असं मला फार वाटतं.

‘हक्काची रॉयल्टी’ असं तुम्ही म्हणता. ती कुणाच्या खिशातून जाते, हे आपण फळ्यावर पाहिलं होतं. १९९३ मध्ये ‘द बॅफलर’ या नियतकालिकात अल्बिनीने एका काल्पनिक बँडचा मोठ्या कंपनीशी झालेला करार ओळीओळीने मांडला. अॅडव्हान्स, वकील, मॅनेजर, स्टुडिओ, व्हिडिओ, बस, सगळं वजा करत गेल्यावर धंद्याने तीस लाख डॉलरच्या वर कमावलेत आणि बँड रॉयल्टीच्या खात्यात १४,००० डॉलरने उणे आहे. त्या कोष्टकातली एक ओळ प्रोड्यूसरची असते. त्या ओळीत आपलं नाव येऊ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

आणि त्याचा धंदा बुडाला का? १९९७ मध्ये शिकागोच्या बेलमाँट अॅव्हेन्यूवर त्याने ‘इलेक्ट्रिकल ऑडिओ’ उभारला. दोन स्टुडिओ, भिंतींना मातीच्या कच्च्या विटा, इंजिनिअरांच्या अंगात कारखान्यातले डगले आणि दर उघड जाहीर. ‘लेड झेपलिन’ या नावाजलेल्या बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांच्याबरोबर त्याने काम केलं, आणि ज्यांचं नाव आपण कधी ऐकणार नाही अशा असंख्य बँडबरोबरही. तो गेल्यावरही स्टुडिओ सुरू आहे. माझ्या दृष्टीने करिअर म्हणतात ते हेच.

प्लगिनची कार्यशाळा आम्ही वेगळी घेतो आणि ही टेप व माईकची आहे, हे नोंदणीच्या पानावर पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं होतं. टेप दाखवण्यामागे जुन्याची हौस नव्हती. दोन इंची टेपचं एक रीळ सेकंदाला तीस इंच वेगाने सुमारे सोळा मिनिटांत संपतं. तेवढ्यात वाजवायचं, ऐकायचं आणि हा टेक (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) ठेवायचा की पुसायचा ते ठरवायचं. शंभर टेक साठवून ‘नंतर बघू’ म्हणण्याची सोय नसली की वादकही वेगळं वाजवतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

देव्हाऱ्याचं म्हणाल, तर ‘रेपमॅन’ या त्याच्या बँडच्या नावाबद्दल आणि तरुणपणी त्याने लिहिलेल्या-बोललेल्या घाणेरड्या गोष्टींबद्दल आम्ही सकाळीच बोललो होतो. बाजू घेतली नाही. २०२१ मध्ये त्याने स्वतः जाहीरपणे लिहिलं की त्यातलं बरंच भयंकर होतं आणि त्याचा त्याला पश्चात्ताप आहे. सारवासारव केली नाही. तेही आम्ही तसंच सांगितलं.

फी परत देता येणार नाही. जे कबूल केलं होतं ते सगळं त्या दिवशी झालं. मात्र तुमच्या बॅचने वाजवलेल्या दोन गाण्यांचे सगळे ट्रॅक, माईकनिहाय वेगळे, आमच्याकडे जपून ठेवले आहेत आणि ते वाजवणाऱ्यांच्या मालकीचे आहेत. तुम्ही बेस वाजवला होतात. सोमवार सोडून कधीही पेनड्राइव्ह घेऊन या, कॉपी करून देऊ. बेसचा लांबचा माईक तेवढा वेगळा काढून ऐका आणि मग तुम्हाला हवं ते प्लगिन त्यावर लावा.