1,500 रुपयांत कोण घरी बसतं?

'लाडकी बहीण' योजनेवरचा तुमचा बाकी लेख पटला, पण हे पैसे सुरू झाल्यापासून बायका मजुरीला येईनात, असं त्यात म्हटलंय ते काही पटलं नाही. अहो, महिन्याला 1,500 रुपये! आमच्या लातूरकडे सोयाबीनच्या खुरपणीला बाईला दिवसाचे 300 मिळतात. म्हणजे पाच दिवसांची मजुरी. उरलेला महिना चूल कशावर पेटायची? अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या रोख मदतीच्या योजना तपासल्या होत्या (2017). त्यामुळे लोक काम सोडतात असा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही.

बदललंय ते वेगळंच. आमच्याकडे येणाऱ्या मावशी पूर्वी पेरणीच्या तोंडावर उचल घ्यायच्या आणि मग सुगीत आम्ही म्हणू त्या भावात राबायच्या. आता पोरांच्या वह्या, बचत गटाचा हप्ता त्या पैशांत भागतो. उचल नको, आणि 'पलीकडच्या शिवारात साडेतीनशे देतात' हे तोंडावर सांगतात. आम्ही कुरकुरत भाव वाढवला, बायका आल्या. खरं तर लेखात यायला हवं होतं ते राहिलंच: नवरा आणि वडील दोघंही हयात नसलेल्या बायकांची ई-केवायसीत (योजनेसाठीच्या ऑनलाइन आधार पडताळणीत) झालेली ओढाताण; तिथे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागत होते.